पहिलं ताट मावशीचं

आयुष्यात मावशीनं एकदाच दुसऱ्याचं ऐकलं, आणि ते थेट तिच्या पोटात जाऊन बसलं. एरवी ती कुणाच्या बापाला भीक घालणारी नव्हती. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात ती कँटीनची मुख्य स्वयंपाकीण. सगळा कारखाना तिला मावशीच म्हणायचा, अगदी तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. भट्टीवर उभं राहून तोंडं लालबुंद झालेली, साहेबालाही उलट उत्तर देणारी माणसं तिच्या खिडकीसमोर आली की ताट पुढे करून गप उभी राहायची. भात कमी वाढला म्हणून कुणी कुरकुरलं तर ती डाव हातात धरून म्हणायची, "आधी तेवढा संपव. पोट नाही भरलं तर परत ये, भरलं तर तोंड पुसून जा." आणि परत आलेल्याला ती खरोखर वाढायची, त्यामुळे तिच्याशी भांडायला कुणाला जागाच उरायची नाही.

त्या कँटीनचा एक नियम होता. मावशीच्या आधी तिथं एक म्हातारे आचारी होते, त्यांनी घालून दिलेला. त्यांच्या तरुणपणी कधीतरी नासलेलं जेवण वाढलं गेलं आणि अख्खी पाळी दवाखान्यात जाऊन पडली. तेव्हापासून ठरलं की जो शिजवेल तो आधी जेवेल. नुसतं बोट बुडवून चाखणं नव्हे. कामगाराला वाढतात तेवढं ताटभर, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. जेवणाचा भोंगा झाला की लोक येऊन रांगेत उभे राहायचे. खिडकीशेजारच्या छोट्या टेबलाशी मावशी रांगेकडे तोंड करून बसायची आणि जेवायची. ताट रिकामं झालं की ते उचलून रांगेला दाखवायची, मग खिडकीचं शटर वर जायचं. याला सगळे 'पहिलं ताट' म्हणत. मावशी भराभर आणि इतकं मन लावून जेवायची की रांगेतल्या माणसांच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. आत स्वयंपाकघरात मग कुणी वेगळं चाखत बसत नसे. कशाला चाखतील? मावशीच्या घशाखालून गेल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही, हे पक्कं होतं.

आता, मावशी जाड होती. त्यात लपवायचं काय? चांगली ऐसपैस होती. चालताना धापा टाकायची, गुडघे दुखायचे, पण भाताचं भरलेलं पातेलं चुलीवरून उतरवायची वेळ आली की दोन गडी बाजूला सारून एकटी उतरवायची. कँटीनमध्ये तिच्या अंगावरून बोलायची कुणाची छाती नव्हती. बोलायचे ते घरचे.

घरी नवरा होता. कुलपं दुरुस्त करायचं, किल्ल्या बनवून द्यायचं छोटंसं दुकान चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण वारा येईल तशी पाठ देणारा. आणि त्याची धाकटी बहीण होती, मावशीची नणंद. तिचं पार्लर होतं. आधी केस आणि चेहरे, मग तिनं बाजूचा गाळा घेऊन वजन उतरवायचं काम सुरू केलं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा घरातल्या एका समारंभात सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. फोटोवाला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मागे जा, तुमच्यामागची माणसं दिसत नाहीयेत." सगळे हसले. नणंद म्हणाली, "अहो, मागे गेल्या तर मागची भिंत दिसायची नाही." यावर नवराही हसला. तो हसला नसता तर मावशीनं फोटोवाल्याला आणि नणंदेला दोघांनाही तिथंच सरळ केलं असतं. पण तो हसला आणि हिचं अवसान गेलं.

त्यानंतर नणंद तिच्या मागेच लागली. "वहिनी, एक छोटं ऑपरेशन असतं. तुमच्या भल्याचंच सांगते." पोटाच्या वरच्या टोकाला रबरासारखी एक कडी बसवायची. कडीपासून बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला कातडीखाली एक बटण. बटणातून सुईनं पाणी भरलं की कडी आवळते, काढून घेतलं की सैल होते. कडी आवळली की माणूस चार घासांत तृप्त. मावशी म्हणाली, "म्हणजे पिशवीचं तोंड दोरीनं बांधायचं, असंच ना?" नणंद म्हणाली, "तुम्ही ना, कशाचीही चेष्टा करता." नवरा म्हणाला, "बघ ना करून. झालं तर बरंच आहे." आणि मावशी, जी भाजी चिरणाऱ्या बाईचंसुद्धा ऐकायची नाही, ती जाऊन कडी बसवून आली.

वजन उतरलं. झरझर उतरलं. लोकांना तेवढंच दिसत होतं. ज्या बायका तिच्याशी कधी बोलल्या नव्हत्या त्या रस्त्यात थांबवून विचारायला लागल्या. "अगंबाई, ओळखलंच नाही." "काय खाता हो तुम्ही?" काय खाते! काहीच खात नाही, हे कुणाला सांगणार? नणंदेनं पार्लरच्या दारावर हा एवढा मोठा बोर्ड लावला. डावीकडे आधीची मावशी, उजवीकडे नंतरची. नवरा तिच्याबरोबर बाजारात जायला लागला. पूर्वी तो दहा पावलं पुढे चालायचा, आता शेजारी चालायचा.

आणि पहिलं वर्ष सरता सरता मावशीच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. पाव छातीत अडकायचा. भात फुगून बसायचा. कधीकधी पाणीसुद्धा वर यायचं. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येऊन खोकल्याची उबळ यायची, म्हणून ती भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायची. ज्या डॉक्टरांनी कडी बसवली ते कुठल्याशा दुसऱ्या देशात निघून गेले होते, त्यांच्या जागी आलेल्यांनी सांगितलं, बारीक चावा, सावकाश खा. नणंद म्हणाली, "वहिनी, थोडा त्रास व्हायचाच. उलट अजून थोडी आवळून घ्या, शेवटचं काय ते उतरून जाईल." मावशीनं आवळून घेतली. ही दुसरी चूक. आगीतून निघाली आणि फुफाट्यात पडली.

कँटीनमधल्या टेबलाचं काय झालं ते आता सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. मावशीला पहिलं ताट संपवेना. आधी तिनं वाढून घेणं कमी केलं. मग खुर्ची फिरवली आणि रांगेकडे पाठ करून बसायला लागली. लोक म्हणाले, बारीक झाली तशी लाजाळूही झाली. तिची एक मदतनीस होती, आवाज इतका बारीक की तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती ताट उचलायच्या निमित्तानं टेबलाशी यायची आणि एप्रनआड धरलेल्या डब्यात सगळं जेवण ओतून घ्यायची. मावशी उठायची, रिकामं ताट रांगेला दाखवायची, शटर वर जायचं. आत सगळ्यांना माहीत होतं, पण ताकास तूर कुणी लागू दिली नाही. मावशीवर त्यांचा जीव होता. आणि खरं सांगायचं तर तिच्या रागाला ते भीतही होते.

तरीही मावशी जिभेला लावून तरी बघायची. चव बघायची आणि थुंकायची. मग तेही नकोसं झालं, कारण तोंडात चव आली की तोंडभर पाणी सुटायचं, ते गिळलं जायचं नाही आणि पोटातून ढवळून यायचं. एक दिवस तिनं जिभेलाही लावलं नाही. नेमकं त्याच दिवशी मिठाचा डबा रिकामा झाला होता, आणि कोठारात नव्यानं आलेल्या बाईनं तो भरला, तो पातेली घासायच्या सोड्याच्या पोत्यातून. दोन्ही पोती पांढरी, शेजारी शेजारी. रश्शात सोडा गेला, बटाट्यात गेला. आतल्या कुणी चाखलं नाही, कारण पहिलं ताट मावशीचं. मावशीनं पाठ करून जेवल्यासारखं केलं, उठून रिकामं ताट दाखवलं, आणि शटर वर गेलं.

पहिल्या टेबलावरच्या माणसांनी दोन घास घेतले आणि थुंकून टाकले. तोंडं पोळली. एक म्हातारा भट्टीवाला, सकाळपासून उभा राहून इतका भुकेला झालेला की तो न बघता निम्मं ताट खाऊन गेला. त्याला उलट्या सुरू झाल्या. कारखान्याची नर्स धावत आली, कँटीनभर पाण्याचे जग फिरले, सगळं जेवण फेकलं गेलं. म्हातारा संध्याकाळपर्यंत सावरला. पण भट्टीवरचे सगळे खिडकीसमोर जमले होते, आणि कुणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर मावशीला सोपं गेलं असतं. ते फक्त विचारत होते, "मावशी, तू जेवलीस ना? मग तुला कसं काही झालं नाही?"

मॅनेजर पुढे झाले आणि म्हणाले, "असं आहे, कोठारातल्या नव्या बाईंची चूक झाली आहे, त्यांना आम्ही..." ती बिचारी बाई पार कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मावशीनं शटरखालून अंग वाकवलं आणि बाहेर आली.

"तिची चूक नंतर. आधी माझी," ती म्हणाली. "मी जेवले नाही. आज नाही, काल नाही, कित्येक महिने नाही. रिकामं ताट दाखवून तुम्हाला फसवत आलेय. माझ्या पोटात कडी बसवलीय, तिच्यातून घास जात नाही. मी बारीक झाले म्हणून तुम्ही सगळ्यांनी माझं कौतुक केलंत ना? ही त्याची गंमत. मी उपाशी आहे." मग चिमणीकडे वळून म्हणाली, "डबा दाखव यांना." चिमणी हलेना. "दाखव म्हणते ना." चिमणीनं एप्रनआडून डबा काढला. त्यात सोडा घातलेला रस्साभात जसाच्या तसा होता.

म्हातारे आचारी असते तर त्यांनी तिला हाकलून दिलं असतं, असं मावशीनं नंतर चिमणीला सांगितलं. मॅनेजरनी हाकललं नाही. बरी होऊन ये, तोवर ताट चिमणी खाईल, असं ते म्हणाले. मावशीनं एप्रन सोडून खुंटीला लावला. एरवी तिला रडू यायचं नाही, पण त्या दिवशी आलं, आणि येताना ते आंबट पाण्यासकट आलं.

दुसऱ्या दवाखान्यातल्या सर्जन बाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एक पांढरं घट्ट औषध प्यायला देऊन फोटो काढले, घशातून नळी घालून आत बघितलं, आणि पडद्यावर दाखवलं. कडी आपल्या जागेवरून घसरून तिरकी झाली होती, आणि वरचा पोटाचा भाग तिच्यावर फुग्यासारखा लोंबत होता. आतली कातडी सुजून लाल झाली होती. "ही काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "किती दिवस असं चाललंय?" मावशीनं सांगितलं, कडी बसवून चार वर्षं झाली, पहिलं वर्ष सरल्यापासून हे असंच. त्या म्हणाल्या, "आधी का नाही आलात?" मावशी म्हणाली, "छान दिसत होते ना. छान दिसणाऱ्या बाईला कुणी विचारतं का, काय होतंय म्हणून?"

बातमी नणंदेपर्यंत पोचायला कितीसा वेळ. तिनं मावशीला पार्लरवर बोलावून घेतलं. घरी नव्हे, पार्लरवर. मावशी गेली तर दारावर ती स्वतःच दोनदा लटकलेली. आत दोन गिऱ्हाइकं खुर्च्यांवर बसली होती, एकीच्या चेहऱ्यावर लेप लावलेला.

"वहिनी, काढताच आहात तर त्याच वेळी दुसरं करून घ्या," नणंद आवाज खाली आणून म्हणाली. "हल्ली पोटच कापून छोटं करतात, कडीबिडीची भानगड नाही. नुसती काढलीत तर सगळं परत येईल. मग माझ्या या बोर्डाकडे बघून लोक हसतील मला."

"तुम्हाला हसतील?"

"मग कुणाला? मी सगळ्यांना सांगितलंय, ही माझी वहिनी."

खुर्चीत बसलेली दुसरी मुलगी, वय असेल तेवीस-चोवीस, आरशातून यांच्याकडे बघत होती. ती धीर करून म्हणाली, "तुम्हीच का हो त्या बोर्डावरच्या? मी तेच करून घ्यायला आलेय. दुखतं का फार?"

नणंदेनं डोळ्यांनी खुणावलं. मावशीनं खुर्ची ओढली आणि त्या मुलीशेजारी बसली.

"मीच ती. ऑपरेशन दुखत नाही. मला ते झेपलं नाही, एखादीला झेपतही असेल, तुझं तू डॉक्टरला विचार. पण एक गोष्ट विचारून घे. हे तू तुझ्यासाठी करतेयस, की कुणीतरी हसलं म्हणून? हसलं म्हणून करत असशील तर जाऊन त्याच्या थोबाडीत दे, ते स्वस्त पडेल."

लेप लावलेली बाई हसली आणि तिचा लेप तडकला. नणंदेचं तोंड मात्र उतरलं. गिऱ्हाइकं गेल्यावर ती आरशासमोरच्या खुर्चीत धपकन बसली. "तुम्हाला काय माहीत," ती म्हणाली. "लहानपणी मला वर्गात काय काय म्हणायचे. घरी येऊन मी जेवायची नाही. दादाला विचारा. तुम्हाला मी त्यातून काढायला गेले होते, बुडवायला नाही."

मावशीला हे माहीत नव्हतं. तिनं नणंदेकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच बघितलं असं म्हटलं तरी चालेल. नणंद सुकट बोंबलासारखी होती, हाताच्या शिरा दिसत होत्या. "वन्सं, तुम्ही आज काय जेवलात?" मावशीनं विचारलं. नणंद आरशासमोरच्या बाटल्या सरळ करायला लागली. "मला वाईट वाटतं तुमच्यासाठी," मावशी म्हणाली, "खरंच वाटतं. पण म्हणून मी तुमच्यासाठी उपाशी राहणार नाही. तो बोर्ड उतरवा. उद्यापर्यंत उतरला नाही तर मी स्वतः शिडी घेऊन येईन, आणि आता मी हलकी आहे, शिडी मला पेलते."

बोर्ड दुसऱ्या दिवशी उतरला. नणंद मात्र महिनाभर भावाशी बोलली नाही, आणि भावानं त्याचा राग कुणावर काढायचा? बायकोवर. सर्जन बाईंकडे ऑपरेशनच्या आधी शेवटचं बोलायला जायचं होतं तेव्हा तोही बरोबर आला, आणि मावशी काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं, "हिचं वजन परत वाढेल का?"

"बहुतेकांचं वाढतं," सर्जन बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं नाही, पण बहुतेकांचं. मी खोटी आशा दाखवणार नाही. गुडघ्यांचा त्रास परत होऊ शकतो, साखरेवर लक्ष ठेवावं लागेल. सूज उतरल्यावर काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करता येतं, कित्येकांना त्याचा उपयोग होतो. ते करायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं." हे त्या मावशीकडे बघून म्हणाल्या.

"करू या की," नवरा म्हणाला. "एवढं सगळं केलं ते पाण्यात घालायचं का?"

मावशी त्याच्याकडे वळली. "तुम्हाला काय हवं होतं हो? एकदा सांगूनच टाका."

तो बोटातली किल्ल्यांची कडी फिरवत राहिला. मग म्हणाला, "लोक बघायचे तुझ्याकडे. मला बरं वाटायचं."

"मग लोकांना घरी घेऊन या," मावशी म्हणाली. "त्यांच्याशी संसार करा. मी बसून झोपत होते तेव्हा लोक कुठे होते? तुम्ही तर शेजारच्याच उशीवर होतात. एकदा तरी विचारलंत?"

नवऱ्यानं किल्ल्या खिशात घातल्या. विचारलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. सर्जन बाईंनी कागद बाजूला सारले आणि मावशीला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. कडी बसवली त्या दवाखान्यात किती उतरवायचंय असं विचारलं होतं, काय हवंय असं नव्हतं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तसाच राहिला.

"मला जेवायचंय," ती म्हणाली. "कडी काढा. दुसरं काही घालू नका, कापू नका. वजन आलं तर येऊ दे, मी साखर बघेन, गुडघे बघेन, सांगाल तेवढं चालेन. जाड झाले तर जाड होईन. पण घास माझा मला गिळता आला पाहिजे."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि तसंच झालं.

ऑपरेशन पोटात चार छोटी भोकं पाडून झालं. घसरलेली ती कडी नंतर नर्सनं एका डबीत आणून दाखवली, एवढीशी, पांढरी, निरुपद्रवी दिसणारी. हवीय का म्हणून तिनं विचारलं. मावशी म्हणाली, "काय करू, हातात घालू?" नर्स हसत घेऊन गेली. पुढचे काही दिवस नुसतं पातळ, मग मऊ, मग हळूहळू सगळं. घरी पहिल्यांदा मऊ भात शिजवला तो नवऱ्यानं. गिच्च झाला होता, खाली लागला होता, मीठ जास्त. मावशी खाऊन उठली आणि म्हणाली, "भात करपला आहे." पण संपवला तिनं. त्या दिवसापासून ती आडवी होऊन झोपायला लागली. नवरा मध्येच जागा होऊन विचारायचा, "बरी आहेस ना?" आणि ती झोपेत हं म्हणायची. उशिरा का होईना, विचारायला शिकला.

वजन वाढलं का? वाढलं. पहिल्याएवढं नाही, पण वाढलं, आणि वाढेल अजून. कपडे पुन्हा बदलावे लागले. रस्त्यात भेटणाऱ्या बायका पुन्हा दिसेनाशा झाल्या. एक भेटली ती म्हणाली, "अगंबाई, तब्येत सुधारलेली दिसते," आणि ते कसं म्हणाली ते कळायला काही शिक्षण लागत नाही. मावशी म्हणाली, "हो, सुधारली. तुमची कशी आहे?"

सर्जन बाईंनी परवानगी दिल्यावर ती कँटीनमध्ये परतली. चिमणीनं इतके दिवस पहिलं ताट इमानानं खाल्लं होतं. भोंगा झाला. रांग लागली, शटरपासून पार दारापर्यंत, आणि सगळे बघत होते. सोडा खाल्लेला तो म्हातारा भट्टीवाला सगळ्यात पुढे होता. मावशीनं टेबलाशी असलेली खुर्ची उचलली आणि फिरवून रांगेकडे तोंड करून ठेवली. कामगाराला वाढतात तेवढंच ताट वाढून घेतलं. भात, रस्सा, बटाटे, पाव. आणि जेवायला बसली.

पण आता ती पूर्वीसारखी भराभर जेवणारी मावशी राहिली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रत्येक घास चावून चावून. ती घास घ्यायची, चावायची, गिळायची, क्षणभर थांबायची, तो खाली उतरला याची खात्री करायची. मग दुसरा. रांग उभी होती. रश्शावरची वाफ कमी होत चालली होती. जेवणाच्या सुट्टीतली मिनिटं संपत होती. मागून कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज केला. मग एक पोरगेलासा फोरमन, नवीनच लागलेला, पुढे मान काढून म्हणाला, "मावशी, किती वेळ अजून? सुट्टी संपेल आमची."

मावशीनं तोंडातला घास आधी नीट गिळला. मग त्याच्याकडे बघितलं.

"मी चार वर्षं उपाशी थांबले. तू दहा मिनिटं थांब."

फोरमन मागे झाला. म्हातारा भट्टीवाला रांगेत पुढे उभा होता, तो भिंतीला टेकून आरामात खाली बसला, आणि त्याला बघून त्याच्या मागचेही एकेक करून बसले. मावशीनं ताट संपवलं. चिमणीनं ते उचलून रांगेला दाखवायला हात पुढे केला, तर मावशीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "थांब. आधी थोडा भात वाढ अजून."